जॉन डीकन : एका साथीदाराचे चरित्र



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तिचे लोण पुढे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले, म्हणूनच माझ्यासारख्या आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला आज या व्यासपीठावर उभे राहता आले. आजवर मी अशा व्याख्यानांना मागच्या खुर्चीवर बसत आलो. माझे जे काही शिक्षण झाले ते त्या खुर्चीवर, युनियनच्या कचेरीतल्या कपाटापुढे आणि रात्रपाळीच्या डब्याच्या सुटीत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा आपण करू नये. कामगार चळवळीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला एका वादकाच्या चरित्रात काय दिसले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

विषय ऐकून काहींनी मला विचारले, "अहो, तुम्ही बोनसवर बोला, कंत्राटी पद्धतीवर बोला. हे विलायती गाण्याचे खूळ कोठून काढलेत?" त्याचे उत्तर माझ्या गावात आहे.

मी बेडशाचा. भातराशीच्या डोंगरात आमची लेणी आहेत. कार्ले आणि भाजे येथे प्रवाशांची रीघ लागते. आमच्याकडे चारशेच्या आसपास पायऱ्या चढून कोणी फारसे येत नाही. पण आलेला माणूस चैत्यासमोरच्या त्या उंच स्तंभांपाशी क्षणभर थबकतोच. स्तंभांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर आरूढ झालेली जोडपी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी छिन्नीने ती घडवली. त्या ओवरीत एक लेख कोरलेला आहे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याचे हे दान, असा त्याचा अर्थ. दान देणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. ज्याने तो खांब घडवला आणि बहुधा ज्याने ते नावही कोरले, त्याचे नाव कोठेच नाही. लहानपणी गुरे वळताना मी त्या अक्षरांवरून बोट फिरवीत असे. त्यांचा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि कळला तेव्हा मी कामगार चळवळीत पडलो होतो.

आता गाण्याकडे वळतो. माझ्या धाकट्या मुलाला बेस गिटारचा नाद लागला. चार जाड तारांचे ते वाद्य घेऊन तो तासन् तास एकच धून घोटीत बसे. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, गायचे तरी, नाहीतर चांगली मोठी गिटार तरी वाजवायची. हे तुझे धुम् धुम् ऐकतो कोण?" तो काही बोलला नाही. त्याने एक गाणे लावले आणि यंत्रावरची एक कळ फिरवून खालचे स्वर काढून टाकले. गाणारा गात होता, ढोल वाजत होता, आणि तरीही ते गाणे पायाखालची पायरी निसटावी तसे एकदम पडले. मग त्याने कळ पुन्हा फिरवली आणि गाणे उभे राहिले. "बाबा," तो म्हणाला, "कोणी ऐकत नाही हे खरे. पण नसले की सगळ्यांना कळते."

ते गाणे 'क्वीन' नावाच्या इंग्रजी चमूचे होते आणि ती धून जॉन डीकन याची होती. त्या दिवसापासून मी या माणसाची माहिती जमवू लागलो.

बेस म्हणजे काय हे आमच्या मावळात समजावून सांगणे कठीण नाही. सप्ताहात पखवाजी डाव्या पुडीला ओली कणीक थापतो, ती कशासाठी? खर्ज भरावा, आवाज जमिनीतून आल्यासारखा वाटावा म्हणून. उजव्या बाजूच्या बोलांना वाहवा मिळते, पण भजनाचे वजन त्या कणकेत असते. तसाच वीणेकरी. पहारा चालू असेतो वीणा खाली ठेवायची नाही, हा नियम. कीर्तनकाराचे नाव फलकावर लागते, वीणेकऱ्याचे लागत नाही. पोवाड्यात शाहिराच्या मागे तुणतुणेवाला उभा असतो. शाहीर श्वास घ्यायला थांबला तरी तुणतुणे थांबत नाही.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम पुरुषभर उंचीचे एक सारंगीवजा वाद्य करी. ते वाहून नेणे जिकिरीचे, आणि ढोल-तुताऱ्यांच्या गदारोळात त्याचा आवाज बुडून जाई. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर याने विजेवर चालणारी, गिटारसारखी गळ्यात अडकवता येणारी बेस बाजारात आणली. तिच्या चार तारा गिटारच्या खालच्या चार तारांच्याच नावाच्या, परंतु एक सप्तक खाली लावलेल्या. तिला पडदे असल्याने स्वर नेमका लागे. योगायोग असा की, ज्या डीकनविषयी मी बोलणार आहे त्याचा जन्मही १९५१ चाच, १९ ऑगस्टचा, इंग्लंडातील लेस्टर शहरातला.

परंतु त्याच्या आधी आपल्या महाराष्ट्रातच थोडा वेळ थांबले पाहिजे; कारण क्वीनची मुळे काही अंशी आपल्या सह्याद्रीत आहेत. फारोख बलसारा नावाचा एक पारशी मुलगा १९४६ साली झांजिबारमध्ये जन्मला. त्याचे वडील तेथे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला बोटीने हिंदुस्थानात धाडण्यात आले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. तेथे १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा चमू उभा केला. फारोख पियानो वाजवी. ब्रूस मरे आणि डेरिक ब्रांच गिटारवर, व्हिक्टरी राणा ढोलावर आणि फरांग इराणी बेसवर. बेस कसली? चहाचे रिकामे खोके, त्यात उभी केलेली काठी आणि काठीपासून खोक्यापर्यंत ताणलेली एकच तार. इंग्लंडातील गरीब पोरे त्या काळी असाच बेस करीत, त्याचीच ही पाचगणीतली आवृत्ती.

या मुलांचे पुढे काय झाले ते मोठे मौजेचे आहे. राणा नेपाळी सैन्यात मोठ्या हुद्द्यावर चढला. ब्रांच इंग्लंडात नट झाला. फरांग इराणी पुण्यात उपाहारगृहाच्या धंद्यात स्थिरावला. आणि पुढच्या दातांमुळे ज्याला मुले चिडवीत तो फारोख फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला माहीत झाला. चहाच्या खोक्यावरची ती एक तार आज कोणाच्या ध्यानात नाही. पण मला वाटते, खालचा स्वर कोणीतरी धरून ठेवल्याखेरीज वर मनसोक्त भरारी घेता येत नाही, हा धडा मर्क्युरीने पहिल्यांदा पाचगणीत घेतला असावा.

१९६४ साली झांजिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब इंग्लंडात गेले. १९७० मध्ये ब्रायन मे, रॉजर टेलर आणि मर्क्युरी यांनी क्वीन उभी केली. मे खगोलशास्त्राचा अभ्यासक, टेलर दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी लंडनला आलेला. तिघेही उत्सवमूर्तीच! तिघांनाही गळा आणि तिघेही पुढे येणारे. बेस धरायला माणूस टिकेना. वर्षभरात तीन जण येऊन गेले.

१९७१ च्या आरंभी चौथा आला. एकोणीस वर्षांचा, अबोल, चेल्सी कॉलेजात विद्युत्कणशास्त्र शिकणारा. जॉन डीकन अकरा वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले होते. लहानपणी घरोघर वर्तमानपत्रे टाकून साठवलेल्या पैशांतून त्याने गिटार घेतली होती. शाळकरी चमूत आधी तो साधी गिटार वाजवी. बेसवाला गेल्यावर मोकळी झालेली जागा भरायला कोणीतरी हवे होते म्हणून १९६६ मध्ये त्याने बेस उचलली. आमच्या युनियनमध्ये खजिनदार असाच मिळतो! ते पद मागून कोणी घेत नाही.

क्वीनने त्याला घेतले ते नुसत्या बोटांच्या करामतीवर नव्हे. तो शांत होता, उपकरणे दुरुस्त करीत असे आणि तिघांच्या झटापटीत चौथी झटापट घालीत नसे. १९७२ साली तो पहिल्या वर्गात पदवी घेऊन बाहेर पडला. त्याच सुमारास रस्त्याकडेच्या भंगाराच्या पेटीत त्याला एक विद्युत्पट्टी सापडली. ती त्याने घरी आणली, पुस्तकांच्या मांडणीवर ठेवण्याजोग्या एका जुन्या ध्वनिपेटीत बसवली आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडली. तिला आवाज कमीजास्त करायची कळदेखील नव्हती. पण तिच्यातून निघणारा स्वर असा काही गोड आणि भरीव होता की ब्रायन मे याने तिच्यावर गिटारीचे अनेक थर चढवून सबंध वाद्यवृंदाचा भास निर्माण केला. १९७५ च्या तबकडीतील एका गाण्यात तुताऱ्या-सनयांचा ताफा वाजल्यासारखे वाटते. ती सारी मेची गिटार आणि डीकनची ती भंगारातली पेटी. कारखान्यात काम केलेल्या माणसाला या गोष्टीचे फार कौतुक वाटते. आमच्या टूलरूममध्ये असे कारागीर मी पाहिले आहेत. फेकलेल्या पट्टीतून जिग तयार करतात, आणि साहेब आला की हात पुसून बाजूला उभे राहतात.

१९७३ साली क्वीनची पहिली तबकडी निघाली. तिच्यावर त्याचे नाव उलटे करून 'डीकन जॉन' असे छापले होते. ते जरा भारदस्त वाटते, असे इतरांना वाटले. त्याने सांगितले की माझे नाव जसे आहे तसे लिहा, आणि पुढच्या वेळी ते तसे लिहिले गेले. अबोल माणसाला नावाची पर्वा नसते असे आपण सोयीने समजतो. तसे नसते.

येथून माझ्या व्यवसायाचा भाग सुरू होतो. क्वीनने एका ध्वनिमुद्रण संस्थेशी करार केला होता. ध्वनिमुद्रणाची सोय, व्यवस्थापन आणि गाण्यांचे हक्क, सारे एकाच मालकाकडे. त्या बदल्यात या चौघांना आठवड्याचा पगार मिळे. तो वाढत वाढत साठ पौंडांच्या आसपास गेला. १९७४ मध्ये त्यांचे एक गाणे इंग्लंडच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर चढले. लोकांना वाटे, ही पोरे आता लखपती झाली. १९७५ च्या जानेवारीत डीकनचे लग्न झाले. घराच्या बयाण्यासाठी त्याने चार हजार पौंडांची उचल मागितली. ती नाकारली गेली. ज्याच्या बोटांवर धंदा चालला होता त्याला घराचा बयाणा द्यायला धंद्याजवळ पैसा नव्हता!

मंडळी, ही गोष्ट मला परक्या देशातली वाटत नाही. कामगार उचल मागायला जातो तेव्हा त्याला हिशोबाची वही दाखवली जाते, आणि त्या वहीत तोच मालकाचे देणे लागतो असे निघते. ध्वनिमुद्रणाच्या धंद्याची रीत अशी की मुद्रणाचा खर्च, प्रवासाचा खर्च, कपड्यांचा खर्च वादकाच्या नावे मांडावयाचा आणि विक्रीतून तो फिटला की मगच त्याचा वाटा चालू व्हावयाचा. चौघांनी एक शहाणपण केले. ते एकत्र राहिले आणि त्यांनी वकील गाठला. १९७५ च्या ऑगस्टमध्ये तडजोड झाली. एक लाख पौंड रोख आणि पुढच्या सहा तबकड्यांच्या उत्पन्नावर शेकडा एक टक्का देऊन त्यांनी आपली सुटका विकत घेतली. तडजोड महाग होती, परंतु त्यानंतर ते स्वतःचे धनी झाले. पुढे क्वीनच्या पैशाच्या व्यवहारात डीकन बारकाईने लक्ष घालू लागला, आणि जमाखर्च समजणारा माणूस म्हणून इतर तिघे त्याच्यावर विसंबू लागले. दूध पोळल्याखेरीज ताक फुंकावयाची सवय लागत नाही.

पण चौघांतही सारे समान नव्हते. तबकडीच्या उत्पन्नाचे दोन ओघ असतात. एक वाजवणाऱ्यांचा, तो चौघांत वाटला जाई. दुसरा रचणाऱ्याचा, गाण्याखाली ज्याचे नाव, त्याला तो सगळा मिळे. लहान तबकडीला दोन बाजू असत. लोक पहिल्या बाजूसाठी पैसे मोजीत, पण मागच्या बाजूच्या रचनाकारालाही तेवढेच मिळत. १९७५ साली मर्क्युरीचे 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' तुफान खपले आणि मागच्या बाजूला टेलरचे एक मोटारीवरचे गाणे होते म्हणून टेलरलाही तितकाच लाभ झाला. त्यावरून चमूत पुढे बरीच धुसफूस झाली. कोणाचे गाणे घ्यावयाचे हा प्रश्न कलेचा राहिला नाही, भाकरीचा झाला.

डीकन गाणारा नव्हता. क्वीनमध्ये न गाणारा असा तो एकटाच. तरी त्याने गाणी रचली. थोडी रचली, पण जी रचली ती अशी की नाकारता येऊ नयेत. १९७५ च्या तबकडीत पत्नीसाठी त्याने 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' रचले आणि त्यासाठी विजेचा पियानो स्वतः शिकून वाजवला. आणि १९८० मध्ये 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आले. माझ्या मुलाने कळ फिरवून पाडून दाखवले ते हेच गाणे. गाण्याचा पाया म्हणजे बेसची एक छोटी धून, ती पुन्हा पुन्हा येते, आणि बाकी सारे तिच्याभोवती फिरते. ढोलाचा ठेका टेलरचा आणि गळा मर्क्युरीचा; बाकीची बरीचशी वाद्ये डीकनने एकट्याने वाजवली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ते अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

ती धून त्याला आकाशातून मिळाली नाही. 'शिक' या अमेरिकी निग्रोवंशीय, म्हणजे आज आपण ज्यांना आफ्रिकी-अमेरिकी म्हणतो अशा वादकांच्या चमूत बर्नार्ड एडवर्ड्स हा बेस वाजवी. १९७९ सालचे त्यांचे 'गुड टाइम्स' डीकनने लक्षपूर्वक ऐकले होते, त्यांच्या सहवासातही तो काही काळ होता. गोऱ्या इंग्रज वादकाचे सर्वांत खपलेले गाणे काळ्या कारागिराच्या हातावरून उचललेल्या चालीवर उभे होते. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१९८१ मध्ये डेव्हिड बोवीबरोबर क्वीनने 'अंडर प्रेशर' केले. त्याच्या आरंभीची बेसची धून कानावर पडताच लोक ओळखतात. १९९० साली व्हॅनिला आइस नावाच्या अमेरिकी गायकाने तीच धून परवानगीशिवाय आपल्या गाण्याखाली घातली आणि ते गाणे धो धो खपले. पुढे पैसे द्यावे लागले आणि मूळ रचनाकारांची नावेही घालावी लागली. ज्या वाद्याकडे कोणी लक्ष देत नाही असे म्हणतात, चोराने नेमके तेच उचलले!

आता एका कडू प्रकरणाकडे येतो. माझ्या आवडत्या माणसाचा दोष झाकून ठेवणे हे इतिहासकाराला शोभत नाही, आणि युनियनवाल्याला तर मुळीच नाही.

दक्षिण आफ्रिकेत त्या वेळी वर्णभेदाचे राज्य होते. नेल्सन मंडेला तुरुंगात होते. संयुक्त राष्ट्रांनी कलावंतांना आवाहन केले होते की तेथे जाऊ नका. इंग्लंडातील वादकांच्या युनियनने आपल्या सभासदांना तेथे वाजवण्यास बंदी केली होती. 'सन सिटी' हे करमणुकीचे स्थळ बोफुथात्स्वाना नावाच्या प्रदेशात होते. गोऱ्या सरकारने काळ्यांना नागरिकत्वातून वगळण्यासाठी जे नाममात्र स्वतंत्र प्रांत निर्माण केले, त्यांतला हा एक. १९८४ च्या ऑक्टोबरात क्वीन तेथे गेली आणि वाजवून आली.

त्यांचे म्हणणे असे की आम्ही राजकारणी नव्हे, आमचे श्रोते सर्व वर्णांचे होते, आणि आम्ही तेथल्या मूकबधिर व अंध मुलांच्या शाळेला मदतही केली. हे सर्व खरे धरले तरी मी युनियनच्या बाजूने आहे. संप चालू असताना जो आत जातो तो नेहमी हेच सांगतो की मला भांडणाशी कर्तव्य नाही, मी फक्त माझे काम करतो. बहिष्कार हे गरिबांचे हत्यार आहे आणि त्याची धार एकजुटीत असते. युनियनने त्यांना दंड केला. तो त्यांनी भरला, रक्कम धर्मादाय कामाला जावी एवढी अट घालून. संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीतही त्यांची नावे चढली.

यातला विरोध पाहा. त्याच १९८४ साली डीकनचे 'आय वाँट टू ब्रेक फ्री' हे गाणे बाजारात आले होते. बंधनातून सुटू पाहणाऱ्या माणसाचे ते साधे गाणे. पण दक्षिण आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत दडपशाहीखाली जगणाऱ्यांनी ते आपलेसे केले. ज्याने धून काळ्या वादकाकडून उचलली, ज्याचे गाणे काळ्या माणसांनी मुक्तीचे म्हणून गायले, तोच बंदी मोडून गोऱ्यांच्या करमणूकनगरीत वाजवून आला. माणूस वाईट होता म्हणून हे झाले असे मी म्हणत नाही. साथीदाराच्या वृत्तीतच हा धोका असतो. चौघे निघाले की आपण निघावयाचे, ताल सोडावयाचा नाही, ही सवय वाजवताना गुण असते. पण कोठे वाजवावयाचे हा प्रश्न आला की तोच गुण दोष ठरतो. संघटनेत मी हे पुष्कळ पाहिले आहे. ठराव चुकीचा आहे हे मनात जाणणारा आणि तरीही हात वर करणारा माणूस बहुधा मनाने सज्जनच असतो.

पुढे काळ बदलला. मंडेला सुटले, राष्ट्राध्यक्ष झाले, आणि २००३ साली केप टाउनला त्यांच्या कैदी क्रमांकाच्या नावाने झालेल्या जलशात मे आणि टेलर वाजवायला होते. डीकन त्या वेळी नव्हता. का नव्हता, तेच आता सांगावयाचे आहे.

१९८७ मध्ये मर्क्युरीच्या रक्तात एड्सचे विषाणू असल्याचे निदान झाले. तो किती दिवसांचा सोबती आहे हे सांगता येत नव्हते. अशा वेळी चौघांनी एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते त्यांच्या सर्व गाण्यांपेक्षा तो मोठा आहे. १९८९ च्या 'द मिरॅकल' या तबकडीपासून प्रत्येक गाण्याखाली एकट्याचे नाव न घालता 'क्वीन' एवढेच घालावयाचे असे ठरले. धून कोणालाही सुचो, रचनाकाराचा वाटा चौघांचा. ज्याला सर्वांत जास्त गाणी सुचत त्याने आणि ज्याला वर्षात एखादेच सुचे त्याने सारखे घ्यावयाचे. त्यामुळे कोणाचे गाणे निवडावे यावरची भांडणे मिटली. कोणत्याही सरकारने कायदा केला नव्हता, कोणी तत्त्वज्ञान सांगितले नव्हते. वीस वर्षे एकत्र राबल्यावर, मरण दारात उभे असताना, त्यांना ते आपोआप पटले.

आपल्याकडे काय स्थिती आहे? मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे सोनेरी संगीत ज्यांनी बसवले त्यांत गोव्याची केवढी माणसे होती! अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड. आपल्या सी. रामचंद्रांना चिक चॉकलेटची साथ होती. १९५१ च्या 'अलबेला'त तो आणि त्याचा ताफा पडद्यावर दिसतोही. पण तबकडीवर नावे संगीतकाराची, गीतकाराची आणि गायकाची. वादकाला दिवसाची बिदागी मिळाली की व्यवहार संपला. मग ते गाणे सत्तर वर्षे वाजो. २०१२ साली आपल्या स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि गीतकार-संगीतकारांचा वाटा त्यांच्याकडून कोणी लिहून घेऊ शकणार नाही असे ठरले, हे फार चांगले झाले. पण मागे बसून खर्ज धरणाऱ्यापर्यंत तो ओघ क्वचितच पोहोचतो.

मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ रोजी वारला. १९९२ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेंब्ली मैदानावर त्याच्या स्मरणार्थ मोठा जलसा झाला, त्यात डीकन वाजवला. मागे उरलेल्या मुद्रणांतून १९९५ मध्ये एक तबकडी पुरी केली, तीतही तो होता. १९९७ च्या जानेवारीत पॅरिसला एका नृत्यप्रयोगात तो शेवटचा क्वीनबरोबर उभा राहिला. त्या वर्षी तिघांनी मिळून एक शोकगीत मुद्रित केले आणि डीकनने बेस खाली ठेवली. वय अवघे सेहेचाळीस. त्यानंतर क्वीनने नवे गायक घेतले, जगभर दौरे केले, मानसन्मान स्वीकारले. २०१८ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, डीकनच्या भूमिकेत एक नट वाजवताना लोकांनी पाहिला. तो स्वतः कोठेही आला नाही. हिशोबाच्या कामात तेवढे लक्ष ठेवले. २०२४ साली त्यांच्या सर्व गाण्यांचे हक्क एका बड्या कंपनीने अब्ज पौंडांच्या आसपास घेतल्याची बातमी आली, तेव्हाही बोलणारे दुसरेच होते.

लोक याला विक्षिप्तपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. वीणेकऱ्याने पहारा संपल्यावर वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालावी तशी ही गोष्ट आहे. फरक इतकाच की त्याच्या मते हा सप्ताह एका कीर्तनकाराचा होता, आणि तो संपला होता.

शेवटी माझी स्वतःची एक कबुली देतो. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात आम्ही दीर्घ संप लढवला. शेवटी मागण्या मान्य झाल्या. विजयसभेत मी तासभर बोललो. पुढाऱ्यांची नावे घेतली, पाठिंबा देणाऱ्यांची घेतली, पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्यांची घेतली. आमचे हिशोबनीस तेवढे राहिले. संपाच्या दिवसांत कोणाच्या घरी किती ज्वारी द्यावयाची, कोणाची बाई बाळंतीण आहे, कोणाचे भाडे थकले आहे, हे सारे त्या गृहस्थांच्या वहीत होते. ती वही नसती तर तिसऱ्या आठवड्यातच माणसे आत गेली असती. सभेनंतर ते माझ्याजवळ आले. मला वाटले, काही बोलतील. ते म्हणाले, "मांडववाल्याचे पैसे आत्ताच द्यावे लागतील, सही करा." मी सही केली. वर्षभरात त्यांनी प्रकृतीचे कारण सांगून काम सोडले, आणि त्यांच्या जागी आम्ही तीन माणसे नेमली तरी ती वही पुन्हा तशी झाली नाही. ते आता हयात नाहीत. त्यांचे नाव घ्यावयाची वेळ माझी होती, ती मी घालवली.

बेडशाच्या लेण्यात पुष्यणकाचे नाव आहे, ते असू द्या. त्याने पैसा दिला, त्याचे त्याला श्रेय. परंतु यापुढे आपण जे काही उभारू, मग ते गाणे असो, युनियन असो वा ही व्याख्यानमाला असो, तेथे खर्ज धरणाऱ्याचे नाव कोरायला थोडी जागा आधीच राखून ठेवावी, आणि फायद्यात त्याचा वाटाही आधीच ठरवावा. मागाहून आठवण येते, पण ती त्याच्या उपयोगी पडत नाही.

आज सकाळपासून येथे खुर्च्या मांडणारे, ध्वनिक्षेपकाची तार ओढणारे आणि पाण्याचे पिंप भरणारे जे कार्यकर्ते आहेत त्यांची नावे मी मघाशी चिटणीसांकडून लिहून घेतली आहेत. अध्यक्षांच्या परवानगीने ती आता वाचून दाखवतो आणि आपली रजा घेतो.